हात अडकलेले असतात तेव्हा

दुकानातला विक्रेता स्मार्टवॉच हातात देतो तेच उलटं करून. मागचा हिरवा दिवा दाखवतो आणि यादी सुरू करतो: हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन, ताण, झोप, शंभरावर खेळ. यातले निम्मे खेळ आपल्या गल्लीत कुणी खेळत नाही, पण ऐकायला बरं वाटतं. कणीक मळताना कुणाचा फोन आला ते मनगटावर दिसेल, किंवा सोफ्याच्या फटीत गेलेला फोन एका बटणात वाजायला लागेल, हे तो बहुधा सांगत नाही. ते फारच किरकोळ वाटत असावं. पण सहा-आठ महिने घड्याळ वापरलेल्या माणसाला विचारा, हे काढून घेतलं तर तुमचं कशावाचून अडेल? ‘ऑक्सिजन’ म्हणणारे थोडेच निघतील. जाहिरातीतला क्रम आणि रोजच्या उपयोगाचा क्रम जवळजवळ उलटा आहे. पैसे मोजण्याआधी तो सुलटा करून घेतलेला बरा.

मुळात घड्याळ मनगटावर आलं तेच हात अडकलेल्यांसाठी. एकोणिसाव्या शतकात पुरुषाचं घड्याळ खिशात असे, साखळीला बांधलेलं. मनगटावर घड्याळ बांधायचं ते बायकांनी, दागिना म्हणून. पॅरिसमध्ये राहणाऱ्या आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ या ब्राझिलियन वैमानिकाची अडचण अशी, की उड्डाण करताना दोन्ही हात गुंतलेले. खिशातून घड्याळ काढणार कसं आणि केव्हा? त्याचा मित्र लुई कार्तिए याने १९०४ साली त्याच्यासाठी मनगटावर बांधायचं घड्याळ तयार केलं. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांचीही हीच अडचण झाली आणि युद्ध संपेपर्यंत मनगटी घड्याळ पुरुषांच्याही अंगवळणी पडलं.

मग मोबाइल आला आणि वेळ पुन्हा खिशात गेली. एका अख्ख्या पिढीने घड्याळ काढून ठेवलं. आता किती वाजले ते पाहायला फोन काढायचा, तर वर दोन मेसेज दिसतात, त्यातला एक उघडला जातो, त्यात कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ असतो, आणि पाच मिनिटांनी फोन खिशात परत जातो तेव्हा किती वाजले हे पाहायचं राहूनच गेलेलं असतं. स्मार्टवॉचचं पहिलं काम इतकंच, की फोनमधल्या चार गोष्टी पुन्हा बाहेर काढून मनगटावर आणायच्या. हात अडकलेले असताना.

आणि हात कुणाचे सगळ्यात जास्त अडकलेले असतात? स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाचे. मोदकपात्रात मोदक ठेवले, दुसऱ्या शेगडीवर कुकरची पहिली शिट्टी होऊन गॅस बारीक केला, तिसरीकडे चहा उकळतोय. उकडीचा हात फोनला लावणं म्हणजे नंतर पंधरा मिनिटं फोन पुसत बसणं. मनगटापाशी तोंड नेऊन ‘बारा मिनिटांचा टायमर’ असं सांगता आलं, तर हे सगळं टळतं. बोललेलं समजणारं घड्याळ नसेल तर कोपराने नाही, पण करंगळीच्या पेराने काम भागतं. चांगल्या घड्याळांत एकाच वेळी दोन-तीन टायमर लावून त्यांना नावंही देता येतात. स्वस्तातल्या घड्याळात एकच मिळतो, तोही पुरतो. हा टायमर ओट्यावर वाजत नाही, अंगावर वाजतो हा त्याचा मोठा गुण. तुम्ही मधेच गॅलरीत कपडे काढायला गेलात तरी तो तुमच्याबरोबर येतो.

ही थरथर हा या यंत्राचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. स्वस्त घड्याळात एक इवलीशी मोटर असते आणि तिच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला जड केलेलं वजन. ते गरगर फिरलं की सगळं घड्याळ थरथरतं. महागड्या घड्याळात वजन फिरत नाही, स्प्रिंगवर पुढे-मागे सरकतं. त्यामुळे टिचकी मारल्यासारखी नेमकी जाणीव होते. आपल्या त्वचेखाली कंपनं ओळखणारे जे खास ग्राहक असतात, ते सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनांना सगळ्यात हळवे असतात. म्हणून एवढीशी हालचालही झोपेतून उठवायला पुरते. सकाळच्या पाळीला चार वाजता उठणारा कामगार, रमजानमध्ये सहेरीला उठणारं एखादंच माणूस, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी. दोन खोल्यांच्या घरात यांचा गजर साऱ्यांना उठवतो. मनगटावरचा गजर फक्त ज्याचा त्याला उठवतो. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी तर ही चैनीची बाब राहतच नाही.

लोकलच्या गर्दीत फोन बॅगेच्या तळाशी असतो आणि तो तिथेच असावा. डब्यात उभं राहायला जागा नसताना कोण फोन करतंय हे कळलं, तर ‘गाडीत आहे, उतरल्यावर करते’ असा तयार निरोप मनगटावरून सोडता येतो. ही सोय अँड्रॉइड फोनबरोबर बहुतेक घड्याळांत चालते, आयफोनबरोबर स्वस्त घड्याळात सहसा चालत नाही. घेताना विचारून घ्यावं.

याहून मोलाची एक सोय मात्र सेटिंगमध्ये बंद पडलेली असते. घड्याळ आणि फोन ब्लूटूथने जोडलेले असतात आणि त्याचा पल्ला साधारण दहा मीटरचा. फोन रिक्षाच्या सीटवर राहिला आणि रिक्षा निघाली, की हा धागा तुटतो. ‘संपर्क तुटल्यास सूचना’ अशा अर्थाचा पर्याय चालू केलेला असेल तर घड्याळ तेवढ्यात थरथरतं. क्षणभर उशीर होतो, पण सिग्नलला थांबलेली रिक्षा गाठता येण्याइतका वेळ कित्येकदा हातात असतो. घरात मात्र हाच पर्याय डोकं उठवतो, कारण फोन हॉलमध्ये ठेवून माणूस गच्चीवर गेला की घड्याळ बोंब मारतं. काही घड्याळांना घराची जागा सांगून ठेवता येते. इतरांनी तेवढा त्रास सोसावा, फोनच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

आता तो हिरवा दिवा.

त्यामागची कल्पना मोबाइलपेक्षा खूप जुनी आहे. त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह मोजण्याचे प्रयोग १९३० च्या दशकातले. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किंचित वाढतं, जास्त प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो पुन्हा वाढतो. दिव्याशेजारचा प्रकाशग्राहक हा चढउतार सेकंदाला कित्येक वेळा टिपतो आणि आतला प्रोग्रॅम त्यातली लय शोधून मिनिटाला किती ठोके ते सांगतो. थोडक्यात, घड्याळ ठोके ऐकत नाही, प्रकाशाच्या चढउतारावरून त्यांचा अंदाज बांधतं.

अंदाज कुठे चुकतो तेही यावरूनच कळतं. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. मनगटावर गडद गोंदण असेल तर शाई प्रकाश गिळते. थंडीत कातडीतला रक्तप्रवाह कमी होतो. आणि सगळ्यात फसवी चूक पळताना होते: पावलांची लय हाताला बसते, हाताच्या हेलकाव्याने प्रकाशही त्याच लयीत बदलतो, आणि घड्याळ पावलांनाच ठोके समजून बसतं. मिनिटाला एकशे साठ पावलं टाकत असाल आणि नाडीही बरोबर एकशे साठ दिसत असेल, तर शंका घ्या. घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. स्वस्त घड्याळ एखाद्या केळ्याला घट्ट बांधा. अनेक घड्याळं केळ्याचे ठोकेही सांगतात, सत्तर, बहात्तर असे अगदी निरोगी. परत आलेल्या गोंधळात काहीतरी लय शोधायचीच असं प्रोग्रॅमला शिकवलेलं असलं, की ती त्याला सापडतेच.

म्हणून ठोके मोजणं कुचकामी आहे असं नाही. हात स्थिर असताना, विशेषतः रात्री झोपेत, हे मोजमाप बरंच विश्वासार्ह असतं, आणि तिथूनच खरी कामाची गोष्ट निघते: विश्रांतीतल्या ठोक्यांची स्वतःची सरासरी. एखाद्याची ६२ असते, एखाद्याची ७६. दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. पण तुमची नेहमीची ६४ असताना दोन दिवस ७२-७३ दिसायला लागली, तर ताप येऊ घातलाय, झोप झालेली नाही, काल लग्नात जेवण जड झालंय किंवा मद्य पोटात गेलंय, यातलं काहीतरी असतं. उलट, रोज चालायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांत हा आकडा हळूहळू खाली येताना दिसला, की काट्यावर वजन हललं नसलं तरी हृदयाला फरक पडलाय हे कळतं. रोजचा आकडा पाहू नका, महिन्याची रेघ पाहा. ॲपमध्ये ती रेघ असते, पण दोन-तीन पडदे आत दडवलेली.

पावलांबद्दल थोडक्यात. दहा हजारांचं लक्ष्य कुठल्या वैद्यकीय परिषदेने ठरवलेलं नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा घातला. तो सुटसुटीत होता म्हणून जगभर चिकटला. २०१९ मध्ये वयस्क अमेरिकी स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला साधारण साडेसात हजार पावलांपर्यंत मृत्यूचा धोका कमी होत गेलेला दिसला, त्यापुढे फारसा फरक पडला नाही. शिवाय घड्याळ पावलं मोजत नाहीच, हाताचे हिसके मोजतं. भजनात टाळ्या वाजवल्या, चटणी पाट्यावर वाटली, खड्ड्यांतून स्कूटर नेली, तर फुकटची पावलं जमा होतात; आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलत तासभर फिरलात तर हात स्थिर असल्यामुळे ती सगळी पावलं हिशेबाबाहेर. मला यात गंमत वाटते, कारण तासभर पोळ्या लाटणाऱ्या बाईला ही पावलं खरं तर मिळायलाच हवीत.

यापुढचे तीन आकडे मात्र हसण्यावारी नेऊ नयेत.

पहिला, ऑक्सिजन. करोनाच्या लाटांत घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यांचं तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडलं: लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडायचे. बोट पातळ असतं म्हणून ते जमतं. मनगटातून प्रकाश आरपार जात नाही, तो परत फिरून येईल तेवढाच मोजायचा, आणि खाली हाडं आणि स्नायूबंध असतात. त्यामुळे हात जरा हलला तरी आकडा भरकटतो. आपल्या कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की रुग्णालयातल्या ऑक्सिमीटरच्या नजरेतूनसुद्धा कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा निसटत होती. रुग्णालयातल्या यंत्राची ही कथा, तर दीड-दोन हजारांच्या घड्याळाने ९८ दाखवलं म्हणून धाप लागलेल्या माणसाला घरी बसवून ठेवू नये.

दुसरा, रक्तदाब. हवेचा पट्टा आवळल्याशिवाय घड्याळाला रक्तदाब मोजता येत नाही, प्रकाशावरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. काही देशांत मान्यता मिळालेल्या सॅमसंगच्या घड्याळांतसुद्धा दर चार आठवड्यांनी दंडावरच्या खऱ्या यंत्राशी आकडा जुळवून घ्यावा लागतो. म्हणजे खरं यंत्र घरात लागतंच. मग ज्या घड्याळात अशी जुळवाजुळवच नाही, त्याचा १२०/८० हा आकडा कुठून येतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तिसरा, साखर. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी म्हणून जे काही विकलं जातं, ते घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. अशा एकाही उपकरणाला त्यांनी तोवर मान्यता दिलेली नव्हती. दंडावर चिकटवायचा जो सेन्सर मधुमेही लोक वापरतात, त्याचा बारीक तंतू त्वचेखाली गेलेला असतो. त्याचा आकडा घड्याळावर दिसू शकतो, पण तो मोजलेला असतो दंडावर. चुकीच्या आकड्यावरून कुणी इन्सुलिन घेतलं तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

या सगळ्यात एका गोष्टीने मात्र वैद्यकात खरी जागा मिळवली आहे: अनियमित ठोके. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता फडफडतात, तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. हा विकार येतो-जातो, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर नेमका नसतो. सतत अंगावर असलेलं यंत्र इथे उपयोगी पडतं. ॲपल आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोकांनी भाग घेतला. अनियमित नाडीची सूचना आली ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना. त्यातल्या ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी करून घेतली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हा विकार सापडला. बाकीच्यांना खोटीच सूचना आली असं लगेच म्हणता येत नाही, कारण पट्टी लावली त्या दिवसांत विकार रजेवर असू शकतो.

काही घड्याळांत ईसीजीही काढता येतो. एका मनगटावर घड्याळ असतं, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या बटणावर तीस सेकंद ठेवायचं. दोन हातांच्या मधे हृदय येतं आणि विजेचं मंडल पूर्ण होतं. पण दवाखान्यातल्या ईसीजीत हृदय बारा बाजूंनी पाहिलं जातं, इथे एका बाजूने. त्यामुळे ठोक्यांची लय कळते, हार्ट ॲटॅक कळत नाही. छातीत दुखतंय, घाम सुटलाय आणि घड्याळ म्हणतंय सगळं ठीक, तर घड्याळाचं ऐकायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

झोपेच्या गुणांकडे मी फारसं लक्ष देत नाही. किती वाजता झोपलात आणि उठलात हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं. गाढ झोप किती झाली हे मेंदूच्या लहरी मोजल्याशिवाय खात्रीने कळत नाही. काही लोकांना या गुणांचीच धास्ती बसते आणि तिच्यापायी झोप उडते. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी २०१७ मध्ये या प्रकाराला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही देऊन टाकलं.

घड्याळ घरी आल्यावर पहिल्या दिवशी करायचं काम म्हणजे सूचना बंद करणं. सगळ्या ॲपना परवानगी दिली, तर सोसायटीच्या ग्रुपवरच्या ‘शुभ सकाळ’ने मनगट दिवसभर थरथरत राहतं आणि चौथ्या दिवशी घड्याळ कपाटात जातं. फोन कॉल, घरच्या चार-पाच माणसांचे मेसेज, बँकेचे व्यवहार, औषधाची आठवण; एवढं ठेवावं. औषधाची आठवण विशेषतः. रात्रीच्या जेवणानंतरची गोळी हमखास विसरली जाते, कारण त्या वेळी फोन चार्जिंगला असतो.

आणि म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी घड्याळ घेत असाल तर बाकी सगळं सोडून एकच गोष्ट पाहा: पडल्याचं ओळखतं का. माणूस पडतो तेव्हा क्षणभर मुक्तपणे खाली जातो, मग जोराचा धक्का बसतो आणि त्यानंतर हालचाल थांबते. हा क्रम ओळखून घड्याळ विचारतं, ‘ठीक आहात ना?’ मिनिटभर उत्तर आलं नाही तर ते मदतीला फोन लावतं आणि घरच्यांना जागा कळवतं. वय ५५ किंवा जास्त नोंदवलं असेल तर ॲपलच्या घड्याळात ही सोय आपोआप चालू होते. इतरांत चालू करावी लागते आणि स्वस्त घड्याळांत ती बहुधा नसतेच.

ती असली तरी दोन गोष्टी आडव्या येतात. म्हातारी माणसं घसरून पडतात ती बऱ्याचदा बाथरूममध्ये, आणि घड्याळ काढून चार्जिंगला लावलं जातं तेही नेमकं आंघोळीच्या वेळी. चार्जिंगची वेळ बदलून सकाळी पेपर वाचतानाची किंवा संध्याकाळच्या मालिकेची करून द्यावी, आणि घड्याळ पाण्यात चालणारं घ्यावं; साबण आणि कढत पाण्याने त्याचं रबर लवकर खराब होतं, पण त्याला इलाज नाही. दुसरं, सिम नसलेलं घड्याळ फोनच्या जिवावर चालतं. फोन देवघरात आणि आजी परसात, तर कितीही हुशार घड्याळ मुकं. बाथरूममधून, परसातून, जिन्यावरून, जिथे-जिथे त्यांचा वावर आहे तिथून फोनशी जोडणी टिकते का आणि फोनला रेंज मिळते का, हे स्वतः घड्याळ घालून एकदा फिरून तपासा. मदतीचा पहिला नंबर पुण्या-मुंबईतल्या मुलाचा न ठेवता, पाच मिनिटांत दार ठोठावू शकेल अशा शेजाऱ्यांचा ठेवा, आणि त्यांच्याकडे घराची एक किल्ली देऊन ठेवा.